डॉक्टर उत्तम, खुर्च्या बेकार

पेशंट माझ्या सासूबाई, वय 68. सगळी नोकरी जिल्हा परिषदेच्या शाळेत, त्यामुळे समोरच्याचं मुकाट ऐकून घ्यायची सवय नाही. बोटांचे सांधे सुजलेले, सकाळी तासभर मूठ वळत नाही, आरए फॅक्टर आणि अँटी-सीसीपी या रक्ततपासण्या दोन्ही पॉझिटिव्ह, म्हणजे आमवात (रुमॅटॉइड आर्थ्रायटिस). पण त्यावरची गोळी घेणार नाहीत, कारण भाच्यानं मोबाइलवर वाचून दाखवलं की मेथोट्रेक्सेट कॅन्सरचं औषध आहे. आधीच्या एका डॉक्टरांनी "एवढं कळतं तर इथं कशाला आलात?" म्हणत फाइल पुढं सरकवली. बाई फाइल उचलून बाहेर आल्या आणि कुणाकडून तरी बिननावाच्या औषधाच्या पुड्या आणून खायला लागल्या. गडहिंग्लजहून कोल्हापूरच्या या क्लिनिकपर्यंत त्यांना आणणं हाच एक पराक्रम होता.

इथल्या डॉक्टर मॅडम वयानं तरुण. सुरुवातीलाच "या आजी" म्हणाल्या आणि खोलीत तापमान उतरलं. "इथं मी कुणाची आजी नाही." मॅडमनी विचारलं, "मग काय म्हणू?" "बाई म्हणा. सगळं गाव म्हणतं." त्या दिवसापासून बाईच म्हणतात, केसपेपरवरही तसंच लिहिलंय.

पुड्यांवरून आता ओरडा बसणार म्हणून मी मान खाली घातली होती. मॅडमनी एवढंच विचारलं, किती दिवसांत आराम पडला? दुसऱ्याच दिवशी, हे उत्तर ऐकल्यावर म्हणाल्या, "मग तुम्ही घेतलीत यात नवल नाही." इतका झटपट गुण येतो तेव्हा आत स्टेरॉइड असण्याचा दाट संशय असतो, चेहरा सुजलाय आणि साखर वाढलीय ती त्यामुळंच असू शकते, हे नंतर सांगितलं. आणि मनानं एकदम बंदही करू नका, शरीराचं स्वतःचं स्टेरॉइड बनणं मंदावलेलं असतं, म्हणून मोजून-मापून देऊन हळूहळू कमी करू म्हणाल्या. हे आम्हाला आधी कुणीच सांगितलं नव्हतं.

मेथोट्रेक्सेटचं नाव निघाल्यावर बाईंनी भाच्यानं वाचलेल्या कॅन्सरचा विषय काढला. मॅडम म्हणाल्या, भाच्यानं वाचलं ते खरंच आहे. कॅन्सरला त्याचा डोस कितीतरी पटींनी मोठा असतो, सांध्यांना आठवड्यातून एकदाच आणि थोडा. मळमळ होऊ शकते, तोंड येऊ शकतं, लिव्हर आणि रक्तपेशी तपासत राहावं लागतं, गुण यायला 6 ते 12 आठवडे लागतात. मग हाताच्या एक्स-रेवर हाडाची कड कुठं कुरतडलीय ते दाखवलं आणि झीज भरून येत नाही, पुढची थांबवता येते, असं स्पष्ट सांगितलं. "तरी आज नको वाटत असेल तर नको. घरी विचार करा." बाहेर आल्यावर बाई म्हणाल्या, "हिला शिकवता येतं."

पुढच्या खेपेला त्या स्वतःच तयार झाल्या. वार कोणता? सोमवारी उपास, म्हणून रविवार. मॅडमनी पाकिटावर त्यांच्याच हातानं लाल पेननं 'फक्त रविवार' लिहून घेतलं आणि म्हणाल्या, "आता मला चौथीतली मुलगी समजा आणि शिकवा." बाईंनी शिकवलं: रविवारी ही, दुसऱ्या दिवशी फॉलिक अॅसिड, चुकून रोज घेतली तर जिवावर बेतेल. मध्येच मॅडमना प्रश्नही विचारला. इतका खुशीतला पेशंट मी त्या खोलीत दुसरा पाहिला नाही.

सगळंच गोड नाही. एकदा ईएसआर, सीआरपी (अंगातली सूज दाखवणाऱ्या रक्ततपासण्या) नॉर्मल आले तेव्हा मॅडम घाईत होत्या, "रिपोर्ट छान आहे" म्हणून पुढचं लिहायला लागल्या. बाई कडाडल्या, "मग हे दुखतंय ते कुणाचं?" पेन खाली ठेवला खरा. परत 28 सांधे एकेक करून दाबून पाहिले, झोपेचं विचारलं. सूज नव्हती, पण झोप कित्येक दिवस धड नव्हती. त्यावर इलाज झाला, सांध्याचं औषध उगाच वाढवलं नाही. पण हे बाई कडाडल्या म्हणून. गप्प बसणाऱ्या पेशंटचं काय होतं देव जाणे.

बाकी व्यवस्थेला मात्र पास करणार नाही. अपॉइंटमेंट अकराची, नंबर दीडला. खुर्च्या बुटक्या, हाताला टेकू नाही, गुडघे धरलेल्या माणसानं उठायचं कसं? बाथरूमचा नळ पिळून उघडायचा. सुजलेल्या बोटांचे पेशंट दिवसभर येतात तिथं साधा दांडीचा नळ बसवायला काय हरकत आहे? काउंटरवरच्या ताई सगळ्यांसमोर मोठ्यानं "तुमची लघवी तपासली का?" विचारतात. एक तारा याचा कापलाय.

जाणाऱ्यांनी जुने एक्स-रे, सगळ्या पट्ट्या, काढे, पुड्या पिशवीत घालून न्या, लपवू नका. रक्त गावात तपासून रिपोर्ट व्हॉट्सअॅपवर टाकला तरी चालतो, संध्याकाळी उत्तर येतं आणि त्याचे वेगळे पैसे लागत नाहीत.