रिमोटचा पंखा: नवा बीएलडीसी घ्यावा की जुन्यालाच मॉड्यूल लावावं?

आधी एवढंच बघा, की तुमच्या घरात भिंतीवरचं बटण कोण दाबतं. पंखा घेताना सगळे वॅट आणि वॉरंटी विचारतात, हे कुणी विचारत नाही. बीएलडीसी, म्हणजे ब्रशलेस डीसी मोटरचा पंखा घेतला, तर बटण बंद असलं की रिमोटचा काही उपयोग नाही. आजीनं सवयीनं जाता जाता बटण बंद केलं, तर पलंगावरून रिमोट कितीही दाबा, पंखा हलणार नाही.

नव्या बीएलडीसी पंख्याच्या बाजूनं मोठी गोष्ट म्हणजे वीज. साधा पंखा पूर्ण वेगात साधारण ७५ वॅट घेतो, हा ३० च्या आसपास. रोज १२ तास धरले तर महिन्याला एका पंख्यामागे १६ युनिटं वाचतात. लाइट गेली की इन्व्हर्टरही जास्त वेळ टिकतो. जोडणीत नवीन काही नाही. छतातून आलेल्या फेज आणि न्यूट्रलच्या त्याच वायरी, शिवाय अर्थिंग.

बोर्डावरचा रेग्युलेटर मात्र काढायलाच हवा. या पंख्याचा वेग त्याच्या आतलं सर्किट ठरवतं आणि त्याला सरळ पुरवठा लागतो. मध्ये रेग्युलेटर राहिला तर पंखा अडखळतो आणि सर्किट जळण्याची भीती असते. 'फुल्लवर ठेवा, चालतंय' असं वायरमन म्हणाला तरी ऐकू नका, कुणीतरी तो फिरवणारच. एमसीबी (मेन बोर्डावरचा ब्रेकर) पाडून, टेस्टरनं खात्री करून रेग्युलेटरच्या दोन्ही वायरी कनेक्टरनं एकमेकींना जोडायच्या आणि मोकळ्या जागी डमी (कोरं झाकण) बसवायची. हे काम वायरमनकडूनच करून घ्या, पण स्वतः समोर उभे राहा.

पंखा अजून चांगला असेल तर बोर्डामागे बसणारं, रिमोटनं पंखा चालवणारं मॉड्यूल घेता येतं. त्याचा पुरवठा बटणामागे कायम चालू राहतो आणि बटण फक्त इशारा देतं. त्यामुळे आजीनं भिंतीवरून बंद केलेला पंखा तुम्ही रिमोटनं किंवा मोबाइलवरून पुन्हा लावू शकता. वीज मात्र वाचत नाही. अट एकच, बोर्डात न्यूट्रल हवी. त्याच बोर्डावर प्लगचं सॉकेट असेल तर ती बहुधा असतेच. पेठेतल्या जुन्या लाकडी बोर्डांत जागा भरपूर असते. नव्या फ्लॅटमधल्या डब्यात वायरी आधीच कोंबलेल्या असतात, तिथे झाकण उघडून बघितल्याशिवाय मॉड्यूल विकत घेऊ नका. घ्याल ते पंख्यासाठीचंच घ्या. दिव्याच्या डिमरवर पंखा गुणगुणतो. आणि रेग्युलेटर इथेही निघतोच, वेग बदलणारी दोन यंत्रं एकाच वायरीवर नकोत.

पंख्याच्या कपात, म्हणजे छताजवळच्या झाकणात बसणारा रिमोटचा रिसीव्हरही मिळतो. न्यूट्रल वर असतेच, ही त्याची एक सोय. पण बटणाची अडचण बीएलडीसीसारखीच, वीजबचत नाही आणि बिघडला की घोडा लावून वर चढा. मी तो सुचवणार नाही.

माझं मत: पंखा जुना, कुरकुरणारा असेल तर बीएलडीसीच. पंखा ठीक आणि घरात वयस्कर माणसं असतील तर मॉड्यूल. बीएलडीसी घ्यायला पुण्यातल्या तपकीर गल्लीत, विजेच्या सामानाच्या बाजारात गेलात तर दुकानदाराला पंखा तीन नंबरवर लावून मेन बटण बंद-चालू करायला सांगा. पुन्हा तीनवरच सुरू झाला पाहिजे. काही मॉडेलांत बटण झटकन बंद-चालू केलं की वेगही बदलतो. रिमोट हरवला तर हीच सोय कामाला येते, तेव्हा तेही तिथेच करून बघा.