मरळीसाठी बेडूक-ल्यूर: बेटकास्टर की स्पिनिंग?

मरळ मासा बेडकासारख्या कृत्रिम आमिषावर (ल्यूर) पकडायचा तर रील कोणती? बेटकास्टर, म्हणजे रॉडच्या वर बसणारी, फिरत्या स्पूलची; की स्पिनिंग, म्हणजे रॉडखाली लटकणारी, फेकताना स्पूल न फिरणारी? खरा प्रश्न जलपर्णीचा आहे. मरळ बेडूक गिळते आणि लगेच पानांखाली घुसते. तिला पहिल्या दोन-तीन सेकंदांत वर ओढता आली नाही तर लाइन देठांत गुंतलीच.

इथे बेटकास्टर सरस. ७ फुटी हेवी (ताठ), फास्ट ॲक्शन (टोकाशीच वाकणारी) रॉड, ७:१ च्या आसपास गिअर (हँडलच्या एका फेरीत स्पूलच्या सात) असलेली रील, ५० पौंडी ब्रेड (विणलेली लाइन) आणि ड्रॅग (जोरात ओढ बसली की लाइन सोडणारी रीलमधली पकड) जवळजवळ पूर्ण आवळलेला. स्पिनिंगवर ४००० आकाराची रील, मीडियम-हेवी रॉड आणि ३० ते ४० पौंडी ब्रेड चालते, पण जोराच्या झटक्याला ड्रॅग घसरतो आणि गळ जबड्यात रुतत नाही.

फेकण्यात मात्र चित्र उलटं. ८-१० ग्रॅमचा बेडूक वाऱ्याविरुद्ध फेकला की बेटकास्टरच्या स्पूलवर गुंता होतो; स्पूलचे ब्रेक वाढवून तो थांबवायला अंगठा तयार ठेवावा लागतो आणि तो हात बसायला वेळ लागतो. स्पिनिंगवर हा त्रास नाही. तिथली अडचण वेगळी: बेडूक नाचवताना ढिली लाइन स्पूलवर सैल बसते आणि पुढच्या फेकीत तिला गाठ पडते. बेल (लाइन पकडणारी तारेची कडी) हाताने बंद करून लाइन एकदा ताणून घ्या.

खर्च? चांगली स्पिनिंग रील कमी पैशांत मिळते. स्वस्त बेटकास्टरचे ब्रेक भरवशाचे नसतात.

दाट जलपर्णी, १२ ग्रॅमच्या पुढचे बेडूक आणि सरावाची तयारी असेल तर बेटकास्टर घ्या. नवखे असाल, कडेचं गवत आणि मोकळं पाणी असेल, तर स्पिनिंग. दोन्हींत स्पूलवर आधी थोडी मोनो (एकपदरी नायलॉन लाइन) गुंडाळा, नाहीतर ब्रेड घसरते.