आक्काच्या नावाचे तीस हजार: गल्लीत, दिल्लीला की समुद्रापार?

आक्काला जाऊन जानेवारीत वर्ष होईल. दुबईहून भाच्याचा फोन आला, "मावशी, वर्षाच्या मिस्सेनंतर (चर्चमधल्या प्रार्थनेनंतर) जेवणावळ नको. तीस हजार बाजूला काढलेत, आईच्या नावानं चर्चच्या कुठल्यातरी मदतकार्याला देऊया. कुठं देऊ सांग की." लंडनची भाचीही तेवढेच घालणार आहे. असे फोन बेळगावात बऱ्याच घरांत येतात, म्हणून त्याला जे सांगितलं ते इथं जरा सविस्तर लिहिते.

सगळ्यात जवळचा पर्याय म्हणजे चर्चमधला सेंट व्हिन्सेंट द पॉलचा गट. 1833 मध्ये पॅरिसला फ्रेडरिक ओझानाम या विशीतल्या विद्यार्थ्यानं मित्रांसोबत हे काम सुरू केलं. पद्धत आजही तीच आहे: दोघांनी मिळून गरजूच्या घरी जायचं, त्याला रांगेत उभं करायचं नाही. मी स्वतः या गटात आहे, तेव्हा माझा कल आधीच ओळखा.

वडगावात एका विणकराच्या घरी गेलो होतो. माग बंद पडलेला, तरी म्हातारा म्हणत होता, सगळं बरं चाललंय. माझ्यासोबतच्या बाईंचं लक्ष खिडकीतल्या गोळ्यांच्या पाकिटाकडं गेलं. बीपीची गोळी अर्धी मोडून, उरलेली अर्धी परत पाकिटात खुपसलेली. महिन्याचं औषध तो दोन महिने पुरवत होता. आम्ही नेली होती तांदळाची पिशवी, त्याला हवं होतं औषधाच्या दुकानात खातं. छापील अर्जात हे कुठल्या रकान्यात आलं असतं?

पण या गटाची झेप लहान. सभेच्या शेवटी कापडी थैली फिरते, मिटलेली मूठ आत घालायची, म्हणजे कुणी किती टाकले ते कळत नाही. बहुतेक दहा-वीसच्याच नोटा निघतात. आणखी एक उणीव आमच्यात कुणी मोठ्यानं बोलत नाही. मदत करताना धर्म विचारायचा नसतो, तो विणकरही ख्रिस्ती नव्हता. तरी नावं सुचवली जातात ती चर्चच्या बाकांवरूनच. कॅम्पातलं घर पटकन दिसतं, खानापूरच्या रानातली वाडी दिसत नाही.

2019 च्या ऑगस्टमध्ये कृष्णा, घटप्रभा, मलप्रभा एकदम फुगल्या, चिकोडी, अथणी, गोकाकची गावं पाण्यात गेली, तेव्हा आमची थैली काय पुरणार? आम्ही जुने कपडे गोळा केले. ढिगात जरीची शेरवानी निघाली! लोकांना हवी होती ताडपत्री, पातेली, ब्लँकेटं. अशा वेळी गोदाम, वाहनं आणि तयार याद्या असलेल्या मोठ्या संस्थाच उपयोगी पडतात. कॅथलिक बिशपांच्या परिषदेची कारितास इंडिया 1962 पासून आहे. प्रोटेस्टंट आणि ऑर्थोडॉक्स चर्चेसची कासा 1947 मध्ये फाळणीच्या निर्वासितांसाठी उभी राहिली. मुक्ती फौज (साल्व्हेशन आर्मी) तर 1882 मध्येच मुंबईत उतरली. इथं हिशेब चोख, लेखापरीक्षण वेळेवर. आपले पैसे नेमके कुणाच्या चुलीपर्यंत गेले, हे मात्र विचारू नये.

परदेशातल्या मदतीचं म्हणाल तर आपण ती नकळत करतच असतो. गुड फ्रायडेची वर्गणी जेरुसलेमकडच्या पवित्र भूमीला जाते, ऑक्टोबरातल्या मिशन रविवारची पोपच्या मिशन संस्थांना. पण मिशन रविवारचा पैसा चर्चच्या कामाचा. भूकंप-दुष्काळाच्या मदतीत तो धरू नका. त्या मदतीसाठी कारितासचं जाळं आहे, दीडशेहून जास्त देशांत. त्यात पुढाकार त्या त्या देशाच्या कारितासचा असतो, बाकीचे पैसा आणि माणसं पुरवतात. 2015 च्या भूकंपात नेपाळमध्ये असंच झालं. भाच्याला म्हटलं, तसं द्यायचं असेल तर तिथूनच थेट दे. भारतातल्या ट्रस्टनं देशाबाहेर खर्च केला की करसवलतीसाठी वेगळी मंजुरी लागते, तो फेरा कशाला?

आता पासपोर्ट, कारण खरी गाठ तिथंच बसते. भाचा भारतीय नागरिक आहे. त्याच्या स्वतःच्या कमाईतले, रीतसर बँकेतून आलेले पैसे परदेशी देणगी ठरत नाहीत; संस्थेकडं पासपोर्टची प्रत तेवढी द्यावी. भाचीनं ब्रिटिश पासपोर्ट घेतलाय. भारतीय वंशाच्या परदेशी नागरिकांना मिळणारं ओसीआय कार्ड असलं तरी तिचा पैसा परदेशीच. तो फक्त एफसीआरए, म्हणजे परदेशी देणग्यांच्या कायद्याखाली नोंदणी असलेल्या संस्थेला चालतो, तोही स्टेट बँकेच्या नवी दिल्ली मुख्य शाखेतल्या खात्यावरच. 2020 च्या दुरुस्तीनंतर अशी संस्था तो पैसा दुसऱ्या संस्थेला देऊही शकत नाही, आणि प्रशासनावर 20 टक्क्यांपेक्षा जास्त खर्च करू शकत नाही. आधी ही मर्यादा 50 होती. म्हणजे भाचीनं दिल्लीच्या मोठ्या संस्थेला दिलेलं आमच्या थैलीत झिरपेल ही आशा नको. तिनं मोठ्या संस्थेला एवढंच विचारावं, बेळगाव जिल्ह्यात तुमची स्वतःची माणसं आहेत का? नसतील तर बिनशर्त आपत्ती निधीला द्यावं.

भाच्याला मी गटच सुचवला, पण एकदम तीस हजार नको म्हटलं. एवढी रक्कम हातात आली की आम्ही दोन दिवसांत पिशव्या वाटून मोकळे होऊ. महिन्याला अडीच हजार दे, वर्षभर. गोळ्या दर महिन्यालाच संपतात.

खातं गटाच्या नावावर आहे, सह्या दोघांच्या. पावतीवर आक्काचं नाव मराठीत लिहू, कानडीत की इंग्रजीत, हे मात्र त्यानं अजून कळवलेलं नाही.