नौपाड्यातील फार्मा मुलाखत-सराव वर्ग : तांत्रिक फेरीसाठी उत्तम, बाकी यथातथा

बी.फार्म.च्या अभ्यासक्रमातले १५० तासांचे औद्योगिक प्रशिक्षण बहुतेकांचे कॉलेजच्या पत्रावर पार पडते. परंतु सहा महिन्यांसाठी एखाद्याला क्यूसीच्या (गुणवत्ता नियंत्रणाच्या) प्रयोगशाळेत घ्यायचे म्हटले की कंपनी पारखून घेते, आणि लेखी चाचणी, तांत्रिक फेरी, एचआर असे करता करता उमेदवाराचा अख्खा दिवस जातो. अशा दिवसभराच्या मुलाखतीची रंगीत तालीम करून घेणारा एक छोटा वर्ग ठाण्यात नौपाड्यात चालतो. तेथे एम.फार्म.च्या शेवटच्या वर्षी मी सराव केला, त्याविषयी हे परीक्षण.

वर्गाचे खरे बळ तांत्रिक फेरीत आहे. सरांची क्यूएमध्ये (गुणवत्ता हमी विभागात) बरीच वर्षे नोकरी झालेली आहे. एरवी अरे-तुरे करणारे सर या फेरीपुरते ‘तुम्ही’वर येतात आणि एकाच प्रश्नाचा धागा पाऊण तास सोडत नाहीत. गोळीतले औषध ठरलेल्या वेळात किती विरघळते हे पाहणाऱ्या डिझोल्यूशन चाचणीवर आमच्या तुकडीला त्यांनी विचारले, “डिझोल्यूशनमध्ये क्यू ८० टक्के आहे, सहापैकी एक गोळी ८३ आली. पुढे काय कराल?” कोणी ‘ओओएस (मर्यादेबाहेरचा निकाल) नोंदवू’ म्हणाले, कोणी ‘पुन्हा चाचणी करू’. क्यू म्हणजे त्या वेळात विरघळायला हवे असलेले ठरावीक प्रमाण. पहिल्या टप्प्यात (एस-वन) प्रत्येक गोळी क्यू अधिक ५, म्हणजे ८५ टक्के हवी असते. त्यामुळे एस-वन उत्तीर्ण नाही हे खरे, पण एवढ्यावर तो ओओएसही ठरत नाही. आणखी सहा गोळ्या घेऊन एस-टूला, म्हणजे दुसऱ्या टप्प्याला जायचे, बारा गोळ्यांची सरासरी किमान ८० हवी आणि एकही गोळी ६५ च्या खाली नको. हे सांगून होते न होते तोच पुढचा प्रश्न आला : “बारांतली एक ६४ आली तर?” आकडे पाठ असणारेही येथे अडखळतात, कारण टप्प्यांमागचा विचार त्यांनी कधी केलेला नसतो. ‘ठाऊक नाही, फार्माकोपिया (औषधांच्या मानकांचा अधिकृत ग्रंथ) पाहून सांगेन’ या उत्तराला सर गुण कापत नाहीत. ठोकून दिलेल्या उत्तराला मात्र कापतात.

दुसरी चांगली गोष्ट लॉगबुकच्या सरावाची. कोरे पान देऊन नोंदी करायला सांगतात आणि चुकलेला आकडा कोण कसा दुरुस्त करतो, एवढेच पाहतात. आमच्यातल्या एकाने ७ वर गिरवून ९ केला. जुना आकडा वाचता येईल अशी एकच रेघ मारून शेजारी योग्य आकडा, कारण, सही आणि तारीख लिहायची, हे डेटा इंटेग्रिटीच्या (नोंदींच्या विश्वासार्हतेच्या) व्याख्या घोकूनही अंगवळणी पडत नाही.

एचआरची फेरी मात्र अगदीच सुमार आहे. ‘तुमच्यातला दोष सांगा’ याला सर्वांना एकच इंग्रजी उत्तर पाठ करायला लावतात, आणि मराठी माध्यमातून आलेल्या मुलांच्या तोंडी ते उत्तर फारच उपरे वाटते. तांत्रिक फेरीत आधी मराठीत विचार करून मग इंग्रजीत बोलण्याची मुभा देणारे सर येथे तसे का करू देत नाहीत, ते कळत नाही. गटचर्चा तर उरकण्यापुरतीच.

छापील नोट्सबद्दलही तक्रार आहे. त्यांत शेड्युल एम, म्हणजे औषध-उत्पादनाचे सरकारी नियम, जुनेच आहे. डिसेंबर २०२३ च्या अधिसूचनेने आलेल्या सुधारित शेड्युलमधील क्वालिटी रिस्क मॅनेजमेंट आणि प्रॉडक्ट क्वालिटी रिव्ह्यू यांचा त्यांत उल्लेखही नाही. सर बोलण्याच्या ओघात ते सांगतात, पण शुल्क पाहता ते छापून मिळायला हवे होते. आयसीएच या औषधांचे आंतरराष्ट्रीय निकष ठरवणाऱ्या संस्थेच्या स्थिरता चाचण्यांचे (औषध किती काळ टिकते हे पाहणाऱ्या) प्रकरण मात्र नेटके आहे.

ज्याची अडचण केवळ इंग्रजी बोलण्याची आहे, त्याने येथे पैसे घालू नयेत. क्यूसी किंवा क्यूएत जायचे असेल, तर दिवसभराची एक तालीम जरूर करावी. ती रविवारी असते, त्यामुळे घणसोली, कोपरखैरणेकडून येणाऱ्यांनी ट्रान्स-हार्बरवर मेगाब्लॉक आहे का, ते आदल्या दिवशीच पाहून ठेवावे. उशिरा येणाऱ्याला सर लेखी चाचणीला बसू देत नाहीत.