डिझेलला व्हेरिएबल व्हॉल्व्ह: कुठल्या गाडीला कुठली रीत?

पेट्रोल इंजिनात व्हीव्हीटी, म्हणजे व्हॉल्व्ह उघडण्या-मिटण्याची वेळ बदलण्याची सोय, आली ती मायलेज आणि पिकअपसाठी. तोच हिशेब डिझेलला लावला की फसगत होते. पेट्रोल इंजिनाला थ्रॉटल, म्हणजे हवेच्या वाटेतली झडप, असतो. कमी लोडवर तो अर्धवट मिटलेला असताना हवा ओढण्यात ताकद वाया जाते आणि व्हॉल्व्हची वेळ बदलून त्यातली बरीच वाचते. डिझेलची ताकद कमीजास्त होते ती इंधनाच्या मापाने. हवा जवळजवळ मोकळीच आत येते, म्हणजे वाचवायला तिथे फारसं काही नसतंच. मग हा महागडा खटाटोप कशाला? मुख्यतः धूर गरम ठेवायला.

बीएस-6 च्या जड गाड्यांत नायट्रोजन ऑक्साइड हा विषारी वायू मारायचं काम एक्झॉस्टमधला एससीआर हा कॅटॅलिस्ट करतो, युरियाच्या फवाऱ्यावर. पण एक्झॉस्ट साधारण 200 अंशांच्या खाली गेला की फवारणी थांबवावी लागते, नाहीतर पाइपात युरियाचे खडे धरतात. घाटात लोड घेऊन चढणाऱ्या ट्रकला ही अडचण नाही. गल्लोगल्ली थांबत जाणाऱ्या कचरागाडीला मात्र ती रोजची. कॅलिफोर्नियाने 2020 मध्ये मंजूर केलेल्या जड वाहनांच्या नियमांत कमी लोडची वेगळी चाचणी आली ती अशाच चालीसाठी.

व्हॉल्व्हला हात न लावताही धूर तापवता येतो. इंधन उशिरा फवारायचं किंवा एक्झॉस्टच्या वाटेत झडप घालून इंजिनाला अडवायचं. वेगळे सुटे भाग जवळपास लागत नाहीत, पण उष्णतेचे पैसे डिझेलच्या टाकीतून जातात. एक्झॉस्ट व्हॉल्व्ह लवकर उघडण्याची रीतही त्याच जातकुळीची: वायूने पिस्टन पुरता ढकलण्याआधीच त्याला बाहेर सोडायचं. तापमान झटकन चढतं, ॲव्हरेज पडतं. सकाळी इंजिन तापेपर्यंत ठीक, दिवसभर नको.

हवा आत घेणारा इनटेक व्हॉल्व्ह उशिरा मिटण्याची रीत जास्त शहाणी. आत आलेली थोडी हवा परत जाते, उरलेली हवा प्रत्यक्षात कमी दाबली जाते, ज्वलनाचं शिखर-तापमान उतरतं आणि नायट्रोजन ऑक्साइड मुळातच कमी बनतं. हवा कमी झाल्याने कमी लोडवर एक्झॉस्टही गरम राहतो. पण जास्त लोडवर गेलेली हवा टर्बोने भरून द्यावी लागते, नाहीतर काळा धूर. कॅटरपिलरने 2003 च्या सुमारास सी-15 ट्रक-इंजिनात हेच केलं: इंजिन-ऑइलच्या दाबावर इनटेक व्हॉल्व्ह उघडा धरणारी यंत्रणा आणि जोडीला एकामागे एक दोन टर्बो. इतर बहुतेक कंपन्या तेव्हा थंड केलेल्या ईजीआरकडे, म्हणजे थोडा एक्झॉस्ट थंड करून पुन्हा इंजिनात सोडण्याकडे, वळल्या होत्या. कॅटरपिलर पुढे 2010 च्या नियमांच्या वेळी अमेरिकेतल्या ट्रक-इंजिनांच्या बाजारातून बाहेर पडली. दोष एकट्या व्हॉल्व्हचा नव्हता, पण एवढी गुंतागुंत सांभाळणं स्वस्त नसतं.

माझ्या मते सगळ्यांत नेटकं उदाहरण माझदाचं आहे. 2012 च्या स्कायॲक्टिव्ह-डीमध्ये कॉम्प्रेशन रेशो, म्हणजे सिलिंडरातली हवा किती पट दाबली जाते ते माप, फक्त 14 ठेवला. असं इंजिन थंडीत नीट पेट घेत नाही. म्हणून हवा ओढायच्या वेळी एक्झॉस्ट व्हॉल्व्ह किंचित पुन्हा उघडतो आणि बाहेर पडलेला गरम वायू परत आत येतो. इंजिन तापलं की हे बंद. एका नेमक्या दुखण्यावर एकच औषध. मित्सुबिशीने त्याआधी, 2010 मध्ये, 1.8 लिटरच्या डिझेलला व्हॉल्व्ह-टायमिंग बसवून कॉम्प्रेशन रेशो 14.9 वर आणला होता.

आता सिलिंडर बंद ठेवणं. सहापैकी तिघांचे दोन्ही व्हॉल्व्ह मिटून टाकायचे. उरलेल्या तिघांवर दुप्पट भार. इंजिनातून जाणारी हवा घटते, म्हणून धूर तापतो, आणि हवा आत-बाहेर करण्याची मेहनत वाचल्याने कमी लोडवर इंधनही वाचतं. उष्णता आणि बचत दोन्ही एकदम देण्यात बाकीच्या रीती याच्या मागे राहतात. इंजिनं बनवणारी कमिन्स आणि तंत्रज्ञान कंपनी टुला यांनी तर कुठला सिलिंडर गाळायचा हे फेरीगणिक ठरवणारी पद्धत मोठ्या ट्रक-इंजिनावर तपासली. किंमत मोजावी लागते ती थरथरीत, मिटलेल्या सिलिंडरात ऑइल ओढलं जाण्यात आणि टॅपेटच्या जागी आलेल्या नाजूक भागांत. भर लोडवर ही यंत्रणा नुसती बसून असते.

म्हणून दिवसभर हायवेवर भरून चालणाऱ्या ट्रकसाठी ठरवत असाल तर व्हॉल्व्ह साधेच ठेवा. तोच पैसा टर्बो आणि एससीआरवर चांगला लागतो. सहा सिलिंडरची कचरागाडी किंवा शहरात रेंगाळणारा टँकर असेल तर सिलिंडर बंद ठेवण्याचा पर्याय आधी तपासा. चार सिलिंडरच्या पिकअपला मात्र मी तो सुचवणार नाही. दोनच सिलिंडर चालू राहिल्यावरची थरथर ड्रायव्हरच्या पाठीत उतरते, आणि ती दाबायला लागणारे माउंटिंग आणि फ्लायव्हील हिशेब बिघडवतात. तिथे माझदासारखा एक्झॉस्ट व्हॉल्व्ह किंवा इनटेकचा साधा कॅम-फेझर (व्हॉल्व्ह उघडणारा कॅमशाफ्ट थोडा पुढे-मागे सरकवून वेळ बदलणारा भाग) पुरे. फेझर घेताना एवढं पाहा की इनटेक आणि एक्झॉस्ट एकाच कॅमशाफ्टवर नाहीत. असतील तर एकाची वेळ सरकवताना दुसऱ्याचीही सरकते, आणि मग सिलिंडर हेडच बदलावं लागतं.