नवं शहर, नवा संसार: घर मध्यवस्तीत घ्यावं, जुन्या वसाहतीत की शहराच्या कडेला?

लग्न होऊन दोघंही अनोळखी शहरात राहायला जाणार असाल, तर घर शोधताना आधी वसाहतींची नावंच अंगावर येतात. ऑफिसातला एक जण एक नाव सुचवतो, एजंट दुसरं, आणि ओळखीतलं कुणीतरी तिथे कधीकाळी राहिलेलं असतं, ते तिसरंच सांगतं. ही नावं सध्या बाजूला ठेवा. बहुतेक शहरांत भाड्याच्या घरांचे पर्याय तीन प्रकारांत मोडतात: नोकऱ्या आणि बाजारपेठेला लागून असलेली मध्यवस्ती, कित्येक वर्षांत रुळलेली जुनी वसाहत, आणि शहराच्या कडेला उभी राहणारी नवी संकुलं.

माझा कल आधीच सांगून ठेवणं बरं. दोघांपैकी ज्याची या शहरात पाटी कोरी आहे, त्याच्या सोयीने वसाहत निवडावी. एकाला ऑफिस असतं, तिथे ओळखी आपोआप होतात, घर कुठेही असलं तरी. दुसरं माणूस घरून काम करणार असेल किंवा अजून नोकरी शोधणार असेल, तर त्याचा अख्खा दिवस त्या वसाहतीत जाणार. तरीही घराचा शोध बहुतेक वेळा सुरू होतो तो ज्याला ऑफिस आहे त्याच्या ऑफिसपासून.

अर्थात, प्रवासाचा हिशेब टाळता येत नाहीच. मध्यवस्तीत भाडं जास्त आणि घर लहान, म्हणून अनेक जोडपी तो पर्याय पहिल्याच दिवशी खोडून टाकतात. त्याआधी एक आकडेमोड करा. कडेच्या संकुलातून ऑफिसला जायला एका बाजूने ४० मिनिटं जास्त लागत असतील, तर जाऊन-येऊन ८० मिनिटं. महिन्याचे कामाचे २२ दिवस धरले तर एका माणसाचे २९ तासांहून जास्त, दोघंही नोकरी करत असाल तर जवळजवळ ५९ तास. आता भाड्यातला फरक घ्या, त्यातून वाढलेला प्रवासखर्च वजा करा आणि उरलेल्या रकमेला या तासांनी भागा. आपल्या एका तासाचं मोल आपण किती धरतोय, ते त्या आकड्यात उघडं पडतं. कधी आकडा चांगला निघतो आणि कडेचं घरच शहाणपणाचं ठरतं. पण आकडा काढल्याशिवाय ‘तिकडे स्वस्त आहे’ म्हणण्यात अर्थ नाही. त्यात कडेला राहायचं तर एखादं वाहन घ्यावं लागत असेल, कधी दोन, तर त्यांचा हप्ता, इंधन आणि दुरुस्तीही भाड्यातच मिळवायला हवी.

दोघांची ऑफिसं दोन टोकांना असली, की घर बरोबर मधोमध घ्यायचं, असा एक तोडगा हमखास निघतो. दिसायला न्याय्य आहे. पण ब्रिटनमधल्या कुटुंबांच्या अनेक वर्षांच्या पाहणीवरून अर्थतज्ज्ञ जेनिफर रॉबर्ट्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०११ मध्ये दाखवलं, की रोजच्या प्रवासाचा मानसिक स्वास्थ्यावरचा वाईट परिणाम स्त्रियांमध्ये दिसतो, पुरुषांमध्ये तसा दिसत नाही. कारण शोधताना त्यांचं बोट गेलं ते घरकाम आणि मुलांच्या जबाबदारीकडे. म्हणजे नकाशावरचा मधला बिंदू काढण्याआधी, घरी आल्यावर कुणाची दुसरी पाळी सुरू होणार आहे हे बोलून घ्यायला हवं. लग्नाच्या पहिल्या महिन्यांत हे बोलणं अवघडच असतं, पण भाडेकरार झाल्यावर ते आणखी अवघड होतं.

प्रवासाबद्दल एक चूक सर्रास होते: अंतर पाहिलं जातं, गाड्यांची वारंवारता पाहिली जात नाही. बस किंवा लोकल दर १० मिनिटांनी असेल तर सरासरी ५ मिनिटं थांबावं लागतं, दर ३० मिनिटांनी असेल तर १५. गाड्या वेळा पाळत नसतील तर त्याहूनही जास्त, कारण दोन गाड्यांमधला खंड जितका मोठा, तितकी आपण नेमके त्या खंडात जाऊन पोहोचण्याची शक्यता जास्त. म्हणून दूरची पण दर काही मिनिटांनी गाडी असलेली वसाहत, जवळच्या पण अर्ध्या तासाने बस येणाऱ्या वसाहतीपेक्षा बरी पडते. शेवटची गाडी किती वाजता सुटते तेही विचारा. ती लवकर असेल तर संध्याकाळी शहरात कुठे जायचं म्हटलं की आधी घड्याळाकडे बघावं लागेल. आणि घर बघायला रविवारी दुपारी जात असाल, तर कामाच्या दिवशी सकाळी त्याच वाटेने ऑफिसला एकदा जाऊन बघा. एजंटने सांगितलेली ‘वीस मिनिटं’ बहुधा रविवारचीच असतात.

मध्यवस्तीचा खरा शत्रू आवाज. जागतिक आरोग्य संघटनेच्या युरोप विभागाने २०१८ मध्ये रस्त्यावरच्या वाहतुकीच्या आवाजासाठी शिफारस केलेली मर्यादा रात्री ४५ डेसिबल आहे. ती मोजायची घराबाहेर, आणि मोठ्या रस्त्यालगतच्या खिडकीबाहेर आवाज या मर्यादेत राहणं अवघड. डेसिबलचा हिशेब सरळ बेरजेचा नसतो: १० डेसिबल वाढले की कानाला आवाज साधारण दुप्पट वाटतो. उलट, वाहत्या रस्त्यापासूनचं अंतर दुप्पट केलं तरी आवाज जेमतेम ३ डेसिबल उतरतो. त्यामुळे ‘रस्त्यापासून थोडं आत’ या शब्दांवर जाऊ नका. मध्ये एखादी इमारत आडवी येते का आणि झोपायच्या खोलीची खिडकी मागच्या बाजूला उघडते का, हे बघा. मध्यवस्तीतलं मागच्या बाजूचं घर कडेच्या संकुलातल्या हमरस्त्यासमोरच्या घरापेक्षा शांत असू शकतं. मध्यवस्तीत भाडेकरू लवकर लवकर बदलतात, शेजाऱ्याचं नाव कळेपर्यंत तो निघून गेलेला असतो, हीदेखील तिची एक बाजू. काहींना ती आवडते.

जुन्या वसाहतीबद्दल मला जरा जास्त बोलायचं आहे, कारण तिचा फायदा जाहिरातीत दिसत नाही. दुकानं, दवाखाना, बसथांबा, केशकर्तनालय, शिंपी, सगळं पायी जाण्याच्या अंतरावर, आणि तेही आज चालू असलेलं. सकाळी एका वेळी बाहेर पडलं की तीच ती माणसं दिसतात. नव्या शहरात ओळखी होतात त्या अशाच, ठरवून नव्हे.

यावर एक जुना आणि या विषयाला अगदी चपखल बसणारा अभ्यास आहे. दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकेतल्या एमआयटी या विद्यापीठाने शिकायला परतलेल्या विवाहित माजी सैनिकांसाठी घरं बांधली. तिथे राहायला आलेली जोडपी सगळीच नवी, एकमेकांना अनोळखी, आणि घर कुठलं मिळणार हे त्यांच्या हातात नव्हतं. लिऑन फेस्टिंगर, स्टॅन्ली शाख्टर आणि कर्ट बॅक या सामाजिक मानसशास्त्रज्ञांनी तिथे कुणाची कुणाशी मैत्री झाली ते तपासून १९५० मध्ये प्रसिद्ध केलं. एका मजल्यावर पाच घरं होती. लगतच्या दारातल्या शेजाऱ्याला मित्र म्हणण्याचं प्रमाण ४१ टक्के निघालं, तर मजल्याच्या दोन टोकांना राहणाऱ्यांमध्ये १० टक्के. अंतर म्हणाल तर काही पावलांचंच. तळमजल्यावर जिन्याच्या तोंडाशी राहणाऱ्यांच्या वरच्या मजल्यावर जास्त ओळखी होत्या, कारण वरची माणसं त्यांच्या दारावरून जात.

घर बघताना याचा उपयोग असा: दार कुठे उघडतं ते बघा. ज्या जिन्यावर माणसं समोरासमोर येतात, जिथे खाली एखादा बाक आहे आणि त्यावर कुणीतरी बसलेलं आहे, तिथे पाटी कोरी असलेल्या माणसाला ओळखी शोधायला जावं लागत नाही. कडेच्या उंच इमारतीत गाडी तळघरात लागते, तिथून लिफ्ट थेट आपल्या मजल्यावर, आणि मजल्यावरची चारही दारं बंद. अशा ठिकाणी वर्षभर राहूनही लिफ्टमधल्या मान हलवण्यापलीकडे गाडी सरकत नाही. अर्थात जुन्या वसाहतीत याच गोष्टीचा जाचही होतो. तुम्ही किती वाजता आलात, कोण आलं होतं, नोकरी कुठे, सगळ्याची चौकशी होते. घरमालक वरच्याच मजल्यावर राहत असेल तर जास्तच. काही नवविवाहितांना हे अजिबात सोसत नाही आणि त्यात त्यांचं काही चुकत नाही.

जुन्या घराची स्वतःचीही दुखणी असतात, ती बघून घ्यावी लागतात. बाथरूममधला नळ सोडा, तो चालू ठेवून स्वयंपाकघरातला सोडा, मग फ्लश ओढा आणि पहिल्या नळाची धार किती बारीक होते ते बघा. टाकी गच्चीवर असेल तर सगळ्यात वरच्या मजल्यावर दाब सगळ्यात कमी मिळतो: १० मीटर उंचीमागे साधारण १ बार (दाब मोजायचं एकक), म्हणजे टाकी नळापेक्षा ३ मीटरच वर असेल तर ०.३ बार. शॉवरखाली उभं राहिल्यावर हा आकडा चांगला समजतो. एकाच भिंतीला ताजा रंग दिसला तर का, ते विचारा. भिंतीतलं कपाट उघडून आत नाक घाला, ओल रंगाखाली लपते, वासाला लपत नाही. आतल्या खोलीत जाऊन दार लावा आणि कुणाला तरी फोन करून रेंज मिळते का बघा. घरून काम करणार असाल तर बाकी सगळ्याआधी हेच. वरच्या मजल्याचं छत दिवसभर तापून रात्री घरात उष्णता सोडतं, तेव्हा ते घर संध्याकाळी बघा.

कडेच्या नव्या संकुलांबद्दल थोडक्यात. घर प्रशस्त, नळ नवे, वायरिंग नवं, फाटकावर पहारेकरी, गाडी लावायला जागा. पाहुणे चार दिवस राहायला येणार असतील तर ती जास्तीची खोली फार मोलाची. पण तिथे एक शब्द पुनःपुन्हा कानावर येतो: ‘लवकरच’. लवकरच स्टेशन, लवकरच बाजार, लवकरच दवाखाना. तुम्ही भाडेकरू आहात, कदाचित एक-दोन वर्षांसाठी. होणाऱ्या स्टेशनमुळे जागेची किंमत वाढली तर ती मालकाच्या खिशात, तुमच्या वाट्याला तोवर बांधकामाची धूळ. म्हणून आज चालत जाऊन जे वापरता येतं तेवढंच जमेस धरा. खिडकीसमोर मोकळा भूखंड असेल तर तो मोकळा राहील असंही समजू नका. निम्मी रिकामी इमारत असेल तर रात्री नऊनंतर एकदा जाऊन या आणि फाटकापासून बसथांब्यापर्यंत दोघांपैकी प्रत्येकाने एकटं चालून बघा. एकाला वाटलं ‘ठीक आहे’ आणि दुसऱ्याला वाटलं ‘नको’, तर तिथे मत ‘नको’चं धरावं.

मग कुणी काय घ्यावं? दोघांची ऑफिसं मध्यवस्तीत असतील आणि घरी फक्त झोपायलाच यायचं असेल, तर लहान, मागच्या बाजूचं घर मध्यवस्तीतच घ्या. वाहन लागत नसेल तर ते वाटतं तितकं महाग पडत नाही. दोघंही घरून काम करत असाल, किंवा ऑफिसच शहराच्या त्या कडेला असेल, तर नवं संकुल छान. दोन बंद दारांच्या खोल्या दोघांच्याही मीटिंगना लागतीलच. एक जण नोकरीवर आणि दुसऱ्याची पाटी कोरी, अशी स्थिती असेल तर मी जुन्या वसाहतीच्या बाजूने ठामपणे बोलेन, नोकरीवाल्याला रोज वीस मिनिटं जास्त लागली तरी. त्याची वीस मिनिटं विरुद्ध दुसऱ्याचा पूर्ण दिवस, असा तो सौदा आहे. फक्त दोघांपैकी कुणाचं काम रात्रपाळीचं असेल तर वरचं सगळं विसरून आधी अंधाराची वाट आणि दिवसाची शांतता बघा.

यातलं काहीच नीट ठरत नसेल, तर दोन-तीन महिने एखाद्या सामानासह मिळणाऱ्या छोट्या खोलीत काढा आणि तिथून शोधा. भाडं थोडं जास्त जाईल, पण शहर पायाखालून जातं आणि अनामत रक्कम चुकीच्या घरात अडकत नाही. दुसरा मार्ग म्हणजे लॉक-इनचा, म्हणजे ज्या मुदतीआधी घर सोडता येत नाही तो, काळ कमीत कमी करून घेणं. नोटीस एक महिन्याची आणि लॉक-इन मात्र अकरा महिन्यांचं, असा करार समोर आला तर नोटिशीच्या कलमाला काही अर्थ उरत नाही, दोन्ही कलमं एकत्र वाचा. लॉक-इन तीन महिन्यांवर आणता येतो का ते आगाऊ रक्कम देण्याआधी विचारा, पैसे हातात पडल्यावर मालकाचा सूर बदलतो. करारावर दोघांची नावं घाला. एकाला अचानक दुसऱ्या गावी जावं लागलं तर दुसऱ्याला त्या घरात राहायला कागद लागतो. किल्ल्या मिळतील त्या दिवशी, सामान आत नेण्याआधी, भिंती, नळ, मीटरचे आकडे आणि दारांच्या कड्या यांचे फोटो काढून मालकाला लगेच पाठवून द्या.