जिप्सी किंग: मॉडिफाय केलेली घेतली, मूळ मापावर आणली, दोन पावसाळे वापरली

मारुतीची ही फोर बाय फोर (चारही चाकांना ताकद देता येणारी) गाडी घेतली तेव्हा सगळं समोर दिसत होतं. उंच केलेले पाटे (चाकांवरच्या पट्ट्यांच्या स्प्रिंगा), ३१ इंची टायर, पुढे जाडजूड लोखंडी बंपर. ऑफरोडिंगला भरपूर पिदडलेली गाडी. मला ती वेल्ह्याकडच्या शेतावर जाण्या-येण्यासाठी हवी होती, त्यामुळे दुरुस्तीचा खर्च धरूनच भाव ठरवला आणि बंपर सोडला तर सुरुवातीचे काही महिने आहे तशीच चालवली.

आधी टायरांबद्दल, कारण बहुतेक दुखणी तिथूनच सुरू होतात. मूळ माप २०५/७० आर १५, म्हणजे उंची साधारण २६ इंच. ३१ इंची टायरवर काटा ६० दाखवतो तेव्हा गाडी ७० च्या पुढे पळत असते. किलोमीटरही तेवढेच कमी मोजले जातात, म्हणजे सेकंडहँड घेणाऱ्याला दिसणारं रनिंग खरं नसतंच. १.३ लिटरचं इंजिन चढाला तिसऱ्यात मान टाकतं, मग दुसरा गिअर आणि क्लचवर ताण. चाकं जड झाली, ब्रेक मात्र तेच. ओल्या घाटात उतरताना हा फरक पायाला कळतो.

पन्नासच्या आसपास स्टेअरिंग थरथरायचं. मेकॅनिकने पुढचं चाक जॅकवर घेतलं, वर-खाली धरून हलवलं तर टकटक आवाज. किंगपिनची, म्हणजे पुढचं चाक ज्या खुंट्यावर वळतं त्याची, बेअरिंगं गेलेली. डिफरन्शिअलचं (डाव्या-उजव्या चाकांना ताकद वाटणाऱ्या गिअरच्या डब्याचं) ऑइल काढलं तर दुधाच्या चहासारखं निघालं. चालून तापलेलं त्याचं हाउसिंग (बाहेरचं कवच) ओढ्याच्या गार पाण्यात गेलं की आतली हवा आकसते आणि ब्रीदर (हवा आत-बाहेर जाण्याची वाट) किंवा सीलमधून पाणी आत ओढलं जातं. असं पाणी काढून ऑइल बदललं नाही तर आतली बेअरिंगं आणि गिअर खराब होतात.

मग मूळ मापाचे टायर आणि पाटे, नवी बेअरिंगं, सील, ब्रेक लायनर, सगळं केलं. खर्च बऱ्यापैकी आला. पण गाडी बदलली! थरथर गेली, घाटात तिसरा गिअर पुरतो, मायलेज सुधारलं. पाट्यांचे हादरे आहेत, पॉवर स्टेअरिंग नाही, हे जिप्सीत गृहीतच धरायचं. दुसऱ्या पावसाळ्यात शेतापर्यंतच्या चिखलात फोर बाय फोरने एकदाही दगा दिला नाही. एवढीशी हलकी गाडी मूळ टायरवरही खूप काही करते. बदल एकच केला: ब्रीदरला लांब नळी जोडून तोंड उंचावर नेलं. पावसाळा संपल्यावर ऑइल स्वच्छ निघालं.

लोखंडी बंपर मात्र पहिल्याच आठवड्यात उतरवला होता. तो पादचाऱ्याचा जीव घेऊ शकतो, आणि केंद्राने २०१७ मध्येच राज्यांना अशा बुलबारवर कारवाई करायला सांगितलं होतं. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ मूळ तपशिलाशी विसंगत बदलांना मनाई करतं. २०१९ च्या दुरुस्तीनंतर नियमात न बसणाऱ्या प्रत्येक बदलाला ५ हजार रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकतं. ही शिक्षा मालकाला आहे.

"जिप्सी टिकत नाही" असं कुणी म्हणालं की मी आधी टायरचं माप विचारतो. कंपनीने ज्या वजनासाठी बेअरिंग दिलं, त्याच्यावर जास्त ताण टाकून ते तुटलं तर दोष बेअरिंगचा नाही. हौस जरूर करा, पण मग ऑइल, बेअरिंग, ब्रेक यांची तपासणीही तेवढ्याच वेळा करा. आणि विकताना काय बदललं, गाडी किती वेळा पाण्यात घातली, हे घेणाऱ्याला स्पष्ट सांगा. त्या गाडीत उद्या त्याची पोरं बसणार असतात.